तिसाव्या दिवसाची जबाबदारी कोणाची? आरोग्य सेवा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांची डोळे तपासणी ठरलेल्या मुदतीत होण्याबाबत.

महोदय,

मी एका जिल्हा रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले असून माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे विशेष नवजात शिशु काळजी कक्षात, म्हणजे आपण सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतो त्या कक्षात गेली. हे पत्र मी टपालाने पाठवू शकले असते. परंतु यातला मजकूर आपल्याइतकाच खासगी बालरोगतज्ज्ञांशी, आशा ताईंशी आणि ज्यांचे बाळ आज एखाद्या काचेच्या पेटीत आहे अशा आईवडिलांशी संबंधित असल्यामुळे ते उघडपणे लिहीत आहे.

त्या कक्षातील माझ्या चौथ्या वर्षी एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेला, १३५० ग्रॅम वजनाचा एक मुलगा आमच्याकडे बावीस दिवस होता. पहिले नऊ दिवस तो प्राणवायूवर होता, मध्ये एकदा त्याला जंतुसंसर्ग झाला, एकदा रक्त द्यावे लागले, आणि तरीही तो निभावला. घरी जाताना तो वाटी-चमच्याने आईचे दूध घेत होता, त्याच्या आजोबांनी कक्षाबाहेर पेढे वाटले, आणि डिस्चार्ज कार्डावर मी माझ्या हस्ताक्षरात लिहिले : ‘डोळे तपासणीचा सल्ला दिला.’ कोणत्या तारखेला, कोठे, कोणाकडे, यापैकी काहीही त्या ओळीत नव्हते. बाळाची आई बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती आणि तेथून परत माहेरीच, दुसऱ्या तालुक्यात, जाणार होती. आमच्या नोंदवहीत मात्र सासरचा पत्ता होता.

तो मुलगा पुन्हा आला तेव्हा साडेचार महिन्यांचा झाला होता. पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याकडे तो पाहत नाही हे आजीच्या ध्यानात आले होते, आणि अंगणात उन्हाला घेऊन बसले असता डोळ्याच्या बाहुलीत पांढुरके काही चमकते असे आईला दिसले होते. आम्हा परिचारिकांपैकी एकीने तर मोतीबिंदू असू दे म्हणून मनातल्या मनात देवाला साकडे घातले, कारण जन्मजात मोतीबिंदू काढता येतो. तो मोतीबिंदू नव्हता. दोन्ही डोळ्यांचे पडदे मागच्या भिंतीपासून सुटून भिंगामागे गोळा झाले होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या एका आजाराची ही पाचवी आणि शेवटची पायरी, आणि या पायरीवर मोठ्या शहरात नेऊन शस्त्रक्रिया केली तरी हाती फारसे काही लागत नाही. पुढे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ते कुटुंब आमच्याच रुग्णालयात आले; त्या कामासाठी त्यांना दिलेल्या चिठ्ठीवर तारीख, वार, वेळ आणि खोली क्रमांक असे सगळे नीट लिहिलेले होते.

या आजाराचे नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, व्यवहारात आरओपी. आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मध्यापासून कडेकडे वाढू लागतात. नाकाकडची कड त्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात आणि कानाकडची कड जवळजवळ पूर्ण दिवस भरताना. बाळ आधीच जन्मले की हे काम अर्धवट राहते. पोटातल्यापेक्षा बाहेर प्राणवायू जास्त, त्यात आपण तो आणखी देतो, म्हणून रक्तवाहिन्यांची वाढ थबकते; मग काही आठवड्यांनी कडेचा उपाशी राहिलेला पडदा रक्तपुरवठ्यासाठी आक्रोश करू लागतो आणि त्याला उत्तर म्हणून चुकीच्या ठिकाणी, ठिसूळ, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या रक्त सांडतात, त्यांचे व्रण होतात, व्रण आक्रसतात आणि पडदा ओढून काढतात. हे सारे घडत असताना बाहेरून डोळा अगदी निकोप दिसतो. लाली नाही, पाणी नाही, चिपडे नाहीत. घरच्यांनी काजळ घातलेले असते (घालू नका असे आम्ही दर वेळी सांगतो आणि दर वेळी घातलेले पाहतो) आणि त्या काळ्याभोर डोळ्याकडे पाहून कोणालाही शंका येत नाही. आईला काही दिसेल आणि मग ती आणेल, या भरवशावर चालणारी कोणतीही व्यवस्था या आजारापुरती व्यवस्थाच नव्हे.

म्हणून सगळा भार तारखेवर आहे. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचा आहे. २८ आठवड्यांच्या आतले किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. आणि ३४ ते ३६ आठवड्यांचे बाळ फार आजारी पडले असेल तर तेही यात धरायचे आहे. अमेरिकेत ही मर्यादा १५०० ग्रॅमच्या आसपास आहे. आपण ती वर ठेवली, कारण आपल्याकडे पावणेदोन किलोच्या बाळांनाही हा आजार गाठतो. त्यामागे अंदाजाने दिलेला प्राणवायू, जंतुसंसर्ग आणि न वाढणारे वजन या आपल्या कक्षांतल्याच गोष्टी आहेत. उपचाराची गरज आहे असे निदान झाले की ४८ तासांच्या आत लेझर व्हायला हवे, आणि आजाराचा एक प्रकार इतका आक्रमक असतो की त्यात दुसरा दिवसही उजाडू देता येत नाही. लेझरने कडेचा, वाहिन्या न पोहोचलेला पडदा जाळून मधली, उपयोगाची दृष्टी वाचवली जाते. वेळेवर केलेला हा उपचार बहुतेक बाळांत यशस्वी होतो. ही खिडकी एवढीच आहे, आणि तिची तारीख बाळ जन्मते त्याच दिवशी आपल्याला कळलेली असते. इतके आधी माहीत असलेले संकट वैद्यकात फार थोडे असेल.

प्राणवायूविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण परिचारिकेच्या हातात सगळ्यांत आधी तोच असतो. बोस्टन येथे टेरी या नेत्रतज्ज्ञाने १९४२ साली अशा बाळांचे पहिले वर्णन केले, मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखवले आणि १९५३-५४ च्या सुमारास अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळे अंध झाली होती, असे मानले जाते. त्यानंतर जे घडले तेही विसरता कामा नये : धसका घेऊन प्राणवायू सरसकट आखडला गेला, अंधत्व कमी झाले आणि बाळे श्वासाविना दगावू लागली. तेव्हा माझ्या या पत्रातून ‘प्राणवायू वाईट’ असा अर्थ कोणी काढू नये. तो औषध आहे आणि औषधासारखा मोजून द्यावा, एवढेच.

मोजून द्यायचा म्हणजे हवा आणि प्राणवायू यांचे मिश्रण करणारा ब्लेंडर हवा, बाळाच्या पायाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर हवा, आणि प्राणवायू चालू असताना त्या यंत्राच्या पडद्यावरचा, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा ९० ते ९५ च्या दरम्यान खेळता ठेवायला हवा. प्रत्यक्षात यंत्रावर १०० दिसले की नातेवाइकांना बरे वाटते आणि खरे सांगायचे तर रात्रपाळीत एकटीने बारा बाळे पाहणाऱ्या परिचारिकेलाही बरे वाटते, कारण आकडा खाली गेल्याचा गजर तिला झोपेतूनही उठवील, पण वर गेल्याचा गजर बहुतेक ठिकाणी बंद करून ठेवलेला असतो. मी स्वतः तो बंद केलेला आहे. प्राणवायूवरच्या बाळाच्या बाबतीत १०० हा आकडा शाबासकीचा नसून बाळाच्या रक्तात नेमका किती प्राणवायू चढला आहे हे आता यंत्रालाही सांगता येत नाही याची ती खूण आहे, हे मला कक्षात रुजू झाल्यानंतर दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात कळले. रुग्णवाहिकेत तर बहुतेक वेळा सिलिंडर आणि नळी एवढाच मामला असतो. तालुक्याहून जिल्ह्याला येईपर्यंत दीड-दोन तास बाळाला निव्वळ प्राणवायू मिळतो. बाळाला ऊब देणारे नवे वॉर्मर खरेदी करताना त्यासोबत ब्लेंडर नसेल तर ती खरेदी अर्धवट समजावी, अशी माझी विनंती आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातून, पालघरहून झाला, आणि त्या कार्यक्रमात शोधायच्या आजारांच्या यादीत आरओपी पहिल्यापासून आहे. २०१७ मध्ये केंद्राने यासाठी स्वतंत्र सूचनाही काढल्या. म्हणजे कागद आहे, कार्यक्रम आहे, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. नाही ती एकच गोष्ट : बाळ कक्षातून बाहेर पडल्यापासून जन्मानंतरच्या तिसाव्या दिवसापर्यंत ही तारीख कोणाच्या नावावर असते, याचे उत्तर. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आम्ही सल्ला दिला. नेत्रतज्ज्ञ म्हणतात, आमच्याकडे बाळ आलेच नाही. आणि दोघेही खरे बोलत असतात.

बाळ का येत नाही, याचे उत्तर मला पुढील सात वर्षांत हळूहळू मिळत गेले. ‘पालकांमध्ये जागृती नाही’ हे वाक्य आपल्या बैठकांत फार ऐकू येते. त्यात तथ्य कमी आणि सोय जास्त आहे. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत, त्यामुळे बाळ एका गावचे, पत्ता दुसऱ्या गावचा, आणि ज्या आशा ताईकडे गरोदरपणाची नोंद झाली ती तिसऱ्याच ठिकाणची असते. दुसरे कारण सव्वा महिन्याचे. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये ही समजूत आणि तिसाव्या दिवसाची तपासणी एकमेकींच्या आड येतात. मी आजीबाईंना दोष देणार नाही, कारण डिस्चार्जच्या दिवशी आम्हीच त्यांना बजावलेले असते की बाळ कांगारू पद्धतीने छातीशी धरा, वारा लागू देऊ नका, गर्दीत नेऊ नका. तेच बाळ आठ दिवसांनी एसटीने नव्वद किलोमीटर न्यायचे, असेही आम्हीच त्याच दमात सांगतो आणि दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे मात्र सांगत नाही. तिसरे कारण साधे आहे : ‘पुढच्या महिन्यात डोळे दाखवून घ्या’ हे वाक्य आणि ‘१४ तारखेला, मंगळवारी, सकाळी नऊ वाजता, ओपीडी क्रमांक अमुक’ हे वाक्य, यांतले पहिले माणूस विसरतो.

यावरचा उपाय आपल्या घरातच पडलेला आहे. २०११ पासून देशभर चालू असलेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा ताई नवजात बाळाला ज्या दिवशी भेटते ते दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे ठरलेले आहेत. महोदय, यातला अठ्ठाविसावा दिवस पाहावा. तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना आपल्या विभागाची एक बाई त्या बाळाच्या घरी, त्या बाळाजवळ, हातात अर्ज घेऊन बसलेली असते. त्या अर्जात डोळे सुजले आहेत का, पू येतो का, असे विचारलेले आहे. बाळ दोन किलोच्या आतले असल्यास त्याचा पडदा तपासला का, हे विचारलेले नाही. ही गृहभेटींची पद्धत मुळात गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील खेड्यांत ती उभी केली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावातल्या शिकवलेल्या बायकांच्या भेटींनी नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले हे तेव्हा जगाने पाहिले. या पद्धतीने जी बाळे वाचली त्यांच्या डोळ्यांसाठी त्याच अर्जात एक ओळ वाढवणे हे महाराष्ट्राने सगळ्यांत आधी करायला हवे होते, असे मला वाटते. अर्थात एकविसाव्या दिवशी विचारून अठ्ठाविसाव्या दिवशी खात्री करावी, नुसत्या अठ्ठाविसाव्यावर विसंबू नये. आणि आशा ताईच्या सहा भेटींचे मिळून २५० रुपये होतात, हेही अशी नवी ओळ वाढवताना कोणीतरी ध्यानात घ्यावे.

अर्थात तपासणारे हात नसतील तर तारीख पाळून उपयोग नाही. बाळाच्या डोळ्याची बाहुली थेंब घालून मोठी करायची, पापण्या अडकवून धरायच्या, डोक्यावर दिवा लावून भिंगातून पडद्याची कड शोधायची, आणि हे सारे दीड किलोचे बाळ श्वास सोडणार नाही याकडे लक्ष ठेवून करायचे, हे काम प्रत्येक नेत्रतज्ज्ञ करत नाही. जे करतात ते प्रत्येक जिल्ह्यात बसतील इतके आपल्याकडे नाहीतही. कर्नाटकने २००८ मध्ये यातून वाट काढली. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने सुरू केलेल्या किड्रॉप या कार्यक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ विस्तृत क्षेत्राचा कॅमेरा गाडीत घालून ठरलेल्या वारी जिल्ह्याजिल्ह्यांतील नवजात कक्षांत जातात, पडद्याची छायाचित्रे घेतात, दूर बसलेले तज्ज्ञ ती पाहून सांगतात, आणि लेझर लागलाच तर बाळाला शहरात न बोलावता तो शक्यतो तेथेच केला जातो. पुढे राज्य शासन त्यात भागीदार झाले. आपल्याकडे पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांनी आसपासच्या कक्षांत जाऊन तपासण्या करण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. अनुभवाचा तुटवडा नाही. चार-पाच जिल्ह्यांमागे एक कॅमेरा, दोन तंत्रज्ञ आणि ठरलेला वार, इतकीच माझी मागणी आहे.

सोयीसाठी आजकाल लेझरऐवजी डोळ्यात इंजेक्शन देण्याकडे कल वाढला आहे. काही बाळांत ते योग्यच असते आणि लेझरपेक्षा लवकर उरकते. पण इंजेक्शननंतर आजार दबून काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा डोके वर काढू शकतो, त्यामुळे त्या बाळाची तपासणी पुढे कितीतरी काळ चालू ठेवावी लागते. ज्या घराला एकदा येणे जमले नाही त्याला दहादा यायला लावणारा उपचार निवडताना दूरध्वनी क्रमांक, माहेरचा पत्ता आणि प्रवासखर्च यांचा विचार औषधाइतकाच व्हायला हवा. याबाबत निर्णय तज्ज्ञांचाच आहे. मी फक्त जे येऊ शकले नाहीत त्यांची नोंदवही ठेवत होते.

खासगी रुग्णालयांबद्दल थोडक्यात लिहिते. आज तालुक्याच्या गावीही सहा-आठ वॉर्मर असलेली बाल रुग्णालये आहेत आणि तेथे सव्वा किलोची बाळे जगवली जातात, याचा मला आनंदच आहे. मात्र त्या बाळांची नोंद शासनाच्या कोणत्याच यादीत अशी येत नाही की तिसाव्या दिवशी कोणी विचारील. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली या रुग्णालयांची नोंदणी आणि नूतनीकरण होतेच. दोन किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाची डोळे तपासणी कधी व कोणी केली याची वही नूतनीकरणाच्या वेळी पाहावी, इतका आदेश त्यासाठी पुरेल. हे त्या डॉक्टरांच्याही हिताचे आहे. चेन्नईच्या एका शासकीय रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या, तपासणीचा सल्ला न देता घरी पाठवलेल्या मुलीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली, आणि २०१९ मध्ये दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रकरणात ७६ लाखांची. पहिल्या निकालाच्या वेळी ती मुलगी अठरा वर्षांची झालेली होती.

त्या मुलाच्या घटनेनंतर मी बाजारातून एक रबरी शिक्का करून आणला. त्यात चार रकाने होते : तपासणीची तारीख व वार, ठिकाण, बाळ सध्या राहणार तेथील पत्ता, आणि तेथील आशा ताईचा दूरध्वनी क्रमांक. डिस्चार्ज कार्डावर तो निळ्या शाईत उमटवून चारही रकाने भरल्याशिवाय कार्ड द्यायचे नाही, असा नियम मी माझ्या पाळीपुरता केला, मग इतर पाळ्यांनीही तो उचलला. आणि तारखेच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी त्या क्रमांकावर दूरध्वनी करू लागली. पत्ता विचारताना ‘बाळ कोणत्या गावी राहणार?’ असे विचारावे लागते. ‘पत्ता सांगा’ म्हटले की सासरचाच मिळतो. या व्यवस्थेला कोणाचा आदेश नव्हता, म्हणून माझ्या निवृत्तीनंतर ती टिकली असेल असे मी गृहीत धरत नाही.

त्या शिक्क्याचा ठसा या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. त्यातील शब्दरचना बदलायची असल्यास माझी काही हरकत नाही. तारखेचा रकाना तेवढा पहिला राहू द्यावा, आणि तो रिकामा ठेवून कार्ड देण्याची मुभा कोणालाही असू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
विशेष नवजात शिशु काळजी कक्ष